जागा पाहिजे

मराठी वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान मी अग्रलेखाच्या आधी वाचतो. अग्रलेखात देशाचं काय होणार ते असतं. छोट्या जाहिरातींत माणसांचं काय चाललंय ते असतं. ‘वधू पाहिजे’, ‘वर पाहिजे’ आणि ‘जागा पाहिजे’ या तीन मथळ्यांत मध्यमवर्गीय आयुष्याचा सगळा गोषवारा येऊन जातो. पहिल्या दोन गरजा बहुतेकांच्या एकदाच भागतात आणि मग जन्मभर निस्तराव्या लागतात. तिसरी मात्र भागता भागत नाही. तळमजल्यावाल्याला वरचा मजला हवा असतो, वरच्या मजल्यावाल्याला लिफ्ट हवी असते आणि लिफ्टवाल्याला लिफ्टचा मेन्टेनन्स नको असतो.

आमच्या आजोबांच्या काळी ‘घर पाहावं बांधून’ असं म्हणत. बांधायला आधी जमीन लागते ही गोष्ट त्या म्हणीत गृहीत धरलेली होती. हल्ली ‘घर पाहावं शोधून’ एवढंच आपल्या हातात उरलंय. शोधणाऱ्यांच्याही जाती आहेत. एक जण दारातून आत आल्याबरोबर सरळ मोरीत जाऊन नळ सोडून बघतो. दुसऱ्याच्या खिशात होकायंत्र असतं. स्वयंपाकघर आग्नेयेला नसेल तर तो चहासुद्धा घेत नाही. तिसरा गेली वीस वर्षं जागा बघतोय. त्याने अजून एकही घेतलेली नाही, पण शहरातल्या प्रत्येक गल्लीचा भाव त्याला तोंडपाठ आहे. आमचे मेहुणे या तिसऱ्या जातीतले.

पण माझ्या पाहण्यात आलेलं सर्वांत चोखंदळ गिऱ्हाईक म्हणजे एक मधमाशी. एजंट नाही, होकायंत्र नाही, बरोबर सल्ला द्यायला मेहुणे नाहीत. पावसाळा संपता संपता ती एकटीच आमच्या पुण्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत आली आणि जागा बघायला लागली.

‘मधमाशी’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पोळं आलं असणार. राणी, नर, कामकरी ही वाटणी आपण चौथीत पाठ केलेली असते. ती एकत्र कुटुंबाची गोष्ट. आज जगात मधमाश्यांच्या २०,००० हून अधिक जाती माहीत आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जातींत राणी नाही, दरबार नाही आणि मधाची कोठारंही नाहीत. प्रत्येक मादी स्वतंत्र. स्वतःचं घर स्वतः शोधायचं, स्वतः सजवायचं, मुलांचा शिधा स्वतः भरायचा. राणीही तीच आणि मोलकरीणही तीच. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक बायकांसारखंच. शास्त्रज्ञ यांना एकाकी माश्या म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. एकाकी माणसाला वेळ जात नाही. हिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. राखायला मध नाही, त्यामुळे भांडणाची हौसही नाही. हातात धरून चिरडली तरच ती डंख मारणार, आणि तेवढा हक्क तिला असायलाच हवा.

जागेच्या बाबतीत या माश्यांचे ढोबळ तीन वर्ग पडतात: प्लॉट घेणारे, रेडी पझेशनवाले आणि स्वतः लाकूडकाम करणारे.

सर्वांत मोठा वर्ग प्लॉटवाल्यांचा. सुमारे ७० टक्के जाती जमिनीत बीळ करून राहतात. त्यांच्या अटी साध्या असतात: माती उघडी हवी, फार गवत नको, ऊन यावं, पाणी साचू नये, थोडा उतार असला तर उत्तम. बीळ खणून झालं की बाजूला खोल्या काढायच्या, आणि पुष्कळ जाती आतून असा लेप देतात की ओल शिरत नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीला तीन कंत्राटदारांनी तीन वेळा वॉटरप्रूफिंग केलं आहे आणि वरच्या मजल्यावरचे लोक अजून जुलैत बादल्या मांडून झोपतात, हे लक्षात घेतलं म्हणजे या लेपाचं महत्त्व कळेल. पण एवढा साधा प्लॉटसुद्धा आता मिळत नाही. आमच्या आवारात पूर्वी माती होती. मग चिखल होतो म्हणून फरशी घातली, फरशी फुटते म्हणून त्यावर रंगीत ब्लॉक बसवले. आता चिखल होत नाही आणि दुसरंही काही होत नाही. गावाकडे मातीच्या भिंतींतही काही माश्या घर करतात. पोटावर निळे पट्टे असलेली एक देखणी जात त्यांतलीच. भिंत सिमेंटची झाली की त्यांनी कुठे जावं हा प्रश्न पंचायतीत येत नाही.

स्वतः लाकूडकाम करणारा म्हणजे आपला भुंगा. तोही मधमाशीच्याच गोतावळ्यातला. त्याला वाळकं लाकूड लागतं: वासा, खांब, बांबू, झोपाळ्याची फळी. बोट शिरेल एवढं वाटोळं दार तो जबड्याने कोरतो, आणि ते इतकं गोल की सुताराने मान खाली घालावी. म्हणजे ‘तो’ नव्हे, ‘ती’. कोरण्याचं सगळं काम मादी करते. नरभुंगा बाहेर हवेत तरंगत, आल्यागेल्याच्या अंगावर धावून जात पहारा करतो. त्याला डंखच नसतो. मोठा आवाज आणि आत काही नाही, असे गृहस्थ प्रत्येक कुटुंबात एखादे असतातच. भुंग्याची मादी लाकूड खात नाही, नुसता भुसा पाडते. ‘बडा घर पोकळ वासा’ ही म्हण आपण नावं ठेवायला वापरतो; भुंग्यांच्या जगात ती जागेची जाहिरात ठरेल. हे सुतारकाम आपल्याला काही आज कळलेलं नाही. वाळकं लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो, हा दाखला ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात आहे. म्हणजे १२९० साली, नेवाशाला, कुणीतरी वाश्याकडे नीट बघितलं होतं.

आमच्याकडे आलेली बाई रेडी पझेशनवाल्यांपैकी होती. करंगळीच्या नखाएवढी, काळसर, पोटाखाली दाट लव. पोळ्यातल्या माश्या पराग मागच्या पायांवर आणतात. ही पोटाखालच्या लवेत भरून आणते. थोडक्यात म्हणजे ओटीत. या जातीला स्वतः खणता-कोरता येत नाही. दुसऱ्या कुणी पाडलेलं, सोडलेलं, विसरलेलं भोक तिला लागतं.

आमच्या गॅलरीत छताला टांगलेल्या, कपडे वाळत घालायच्या वेळूच्या दोन दांड्या आहेत. दोन दांड्या म्हणजे चार तोंडं, म्हणजे चार जागा. तिने चारही पाहिल्या. पहिल्या तोंडाशी ती आत गेली आणि लगेच बाहेर आली. भोक फार रुंद होतं. या माश्यांना अंगासरशी जागा लागते. मोठ्या दिवाणखान्याची त्यांना हौस नसते, कारण जेवढी जागा जास्त तेवढं भरायचं काम जास्त. दुसऱ्या तोंडात पेर फार जवळ होतं, खोली जेमतेम दोन बोटं. तिसऱ्या तोंडाला उभी चीर गेलेली; मागून उजेड. मागचं दार असलेलं घर त्यांना चालत नाही, कारण मागच्या दाराने मुंग्या येतात. चौथं तोंड पेन्सिल बसेल एवढं, आत वीतभर पोकळी, शेवटी घट्ट पेर, वर छताचा आडोसा, समोर सकाळचं ऊन आणि चार पावलांवर शेजारच्या वहिनींच्या कुंड्या. ती आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मग आतला केर तोंडात धरून बाहेर टाकायला लागली, तेव्हा मी हिला म्हटलं, “डिपॉझिट भरलं बरं का बाईंनी.”

“भरलं ना? मग आता आपल्या लेकीचं बघा,” ही म्हणाली.

त्याच सुमारास आमच्या मुलीची बदली ठाण्याला झाली होती. वय एकतीस, नोकरी उत्तम, लग्नाचा विचार तूर्त नाही. या ‘तूर्त’चा अर्थ मी विचारत नाही आणि तिची आई रोज विचारते. जागा बघायला चार शनिवार मी तिच्याबरोबर गेलो. स्टेशनपासून पाच मिनिटं, असं एजंट म्हणतो तेव्हा ती कुणाची पाच मिनिटं हे विचारायचं असतं. ते मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हता तो दुसरा प्रश्न. भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं, आणि मग एजंट मुलीला वगळून माझ्याकडे वळून विचारायचा, “अंकल, फॅमिली आहे ना?”

“मीच तिची फॅमिली,” मी म्हणायचो.

“तसं नाही. राहणार कोण?”

“मी. एकटी,” मुलगी सांगायची. आणि मग त्या जागेला काहीतरी व्हायचं. एका मालकांचा पुतण्या अचानक अमेरिकेतून यायला निघाला. एका इमारतीत एकट्या बाईला जागा न देण्याचा ठराव होता. एकट्या पुरुषालाही नव्हती, पण तो ठराव वेगळ्या कागदावर होता. एका सद्गृहस्थांनी विचारलं, “रात्री उशिरा येणार का?” मुलगी म्हणाली, “लोकल उशिरा आली तर येणार.” एक बाई म्हणाल्या, “आमचं काही नाही हो, पण लोक विचारतात.” ते लोक कोण, कुठल्या मजल्यावर राहतात, हे मला चार शनिवारांत कळलं नाही. परतीच्या गाडीत मुलगी खिडकीबाहेर बघत बसायची. एकदा म्हणाली, “बाबा, मी जागा बघायला जाते का लोक मला बघायला येतात?” मला उत्तर सुचलं नाही. कर्जतला वडा खाल्ला आणि गप्प बसलो.

घरी आलो की मी गॅलरीत जाऊन बसे. तिथे प्रश्न विचारणारी भाडेकरीण होती आणि उत्तरं जागेला द्यावी लागत होती. हा बदल मला फार सुखावह वाटे.

जागा पसंत पडल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती पत्ता पाठ करण्याची. भोकातून बाहेर पडली की ती सरळ उडून जात नाही. आधी दाराकडे तोंड करते, मग डावी-उजवीकडे कमानी घेत घेत मागे सरकते, कमानी मोठ्या होत जातात आणि मग निघते. परत येताना याच खुणा. निको टिनबर्गन नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९३० च्या सुमारास हे तपासून बघितलं होतं. त्याची माशी गांधीलमाशीच्या गोतातली, वाळूत बीळ करणारी. बिळाभोवती त्याने पाइनच्या शंकूंचं कडं मांडलं आणि ती बाहेर गेल्यावर ते कडं उचलून फूटभर बाजूला नेलं. माशी परत आली ती कड्याच्या मधोमध उतरली आणि दार शोधत बसली. खरं दार शेजारीच होतं. याच टिनबर्गनला १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. आमच्या हिने तोच प्रयोग एका चादरीने केला. शेजारच्या दांडीवर डबलबेडची चादर वाळत घातली आणि आमची भाडेकरीण हवेत पाच मिनिटं गिरक्या घेत राहिली. चादर काढल्यावर सरळ घरात शिरली. तेव्हापासून ही चादरी गच्चीत वाळवायला लागली. दोन दांड्यांपैकी एक कायमची गेली, भाडं शून्य. “एकट्या बाईला त्रास देऊ नये,” एवढंच ही म्हणाली.

मग सजावट सुरू झाली आणि तिथे प्रकरण चिघळलं. ही जात पानं कापणारी. गुलाबाचं पान तिला विशेष आवडतं. पानाच्या कडेवर बसायचं, जबड्याची कात्री चालवायची, काही सेकंदांत तुकडा सुटतो, तो पायांत धरून घरी. भिंतींना लांबट तुकडे, झाकणाला गोल. झाकण कापताना कंपास लावल्यासारखा गोल निघतो. आत पानांची एक नळी तयार झाली की तीत पराग आणि मधुरस कालवून लाडू करायचा. वळायला जागा नाही, म्हणून मधुरस ठेवायला डोकं पुढे करून शिरायचं, मग मागे मागे बाहेर यायचं, वळायचं आणि पराग झाडायला पाठमोरं शिरायचं. चाळीतल्या स्वयंपाकघरात ज्यांनी संसार केलाय त्यांना हे लगेच समजेल. लाडवावर एक अंडं, वर झाकण, की पुढची खोली.

दिवसाला किती पानं लागतात याचा हिशेब आम्हांला वहिनींकडून कळला. त्यांनी गुलाबाची एक फांदीच पुराव्यादाखल आणली. प्रत्येक पानाला चंद्रकोर. “नखकात्रीचं काम आहे,” त्या म्हणाल्या आणि आमच्या घरात नखकात्री कुणाकुणाकडे असते याची चौकशी केली. मी त्यांना गॅलरीत खुर्ची दिली, चहा दिला. दहा मिनिटांनी गुन्हेगार हिरवा तुकडा घेऊन हजर. वहिनी बघतच राहिल्या. “अय्या, हिची मुलं माझ्या गुलाबात झोपणार होय!” पानं गेली तरी गुलाब मरत नाही हे मी सांगायला तयार होतो, पण त्यांना त्याची गरज उरली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्या आमच्याकडे भाडेकरणीची खुशाली विचारायला येऊ लागल्या.

या घराची रचना मला सर्वांत आवडते. आतल्या खोल्यांत मुली आणि दाराजवळच्या खोल्यांत मुलगे. मुलगे लवकर तयार होऊन आधी बाहेर पडतात, म्हणून दाराशी. मुली उशिरा, म्हणून आत. मुलींची चण मोठी, तेव्हा त्यांच्या खोलीत शिधाही जास्त. मुलगी की मुलगा हे आई ठरवते. फळलेल्या अंड्यातून मुलगी, न फळलेल्यातून मुलगा. म्हणजे मुलाला बाप नसतो; आजोबा मात्र असतात. जागा अरुंद किंवा आखूड मिळाली तर ती मुलगे जास्त घालते, मोकळी मिळाली तर मुली. ज्या देशात अजून डॉक्टरच्या भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी कायद्याने लावावी लागते, तिथे चांगली जागा मिळाली की मुली वाढवणारी आई छताच्या दांडीत राहून गेली, याचं मला फार बरं वाटलं. मुलग्यांची मात्र पुढे परवड असते. त्यांना घर नाहीच. घर बांधायचं कामच नाही, म्हणून. रात्री काही जातींचे नर गवताच्या काडीला जबड्याने धरून तसेच लोंबकळत झोपतात. दादर स्टेशनवर शेवटची लोकल धरणाऱ्या ब्रह्मचाऱ्यांची मला आठवण झाली.

मुली-मुलग्यांच्या जागेचं हे गणित फ्रान्समधल्या झाँ आंरी फाब्र या मास्तरांनी बोरूच्या कांड्या आणि काचेच्या नळ्या मांडून तपासलं होतं. विशीही न ओलांडलेले फाब्रमास्तर एकदा शाळेतल्या पोरांना जमीनमोजणी शिकवायला माळावर घेऊन गेले. पोरं साखळी धरायची सोडून मध्येच खाली बसत आणि गोट्यावरच्या मातीच्या घरट्यांत काडी घालून मध चोखत. मास्तरांनी काडी जप्त केली नाही. मोजणी बाजूला ठेवून तेही बघायला बसले. पुढे १८७९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी सेरिन्याँ गावी स्वतःची जागा घेतली. कशी? तर खडकाळ, काटेरी, कुणालाही नको असलेली. ‘फक्त माश्यांच्या सोयीची’ अशी जागा हौसेने विकत घेणारं दुसरं गिऱ्हाईक माझ्या ऐकिवात नाही. १९१५ मध्ये वारेपर्यंत ते तिथेच राहिले. युरोपातच एक माशी गोगलगायीच्या रिकाम्या शंखात संसार मांडते आणि वर काड्या रचून बंगला झाकून टाकते. एकाने सोडलेलं घर दुसऱ्याच्या उपयोगी पडावं, एवढीच त्यातली नीती.

पोटभाडेकरूंचा त्रास तिथेही आहेच. कोकिळेच्या रीतीची एक माशी असते, शेपटाकडे निमुळती. ही स्वतः पान कापत नाही, पराग आणत नाही. मालकीण बाहेर गेली की आत शिरून आपलं अंडं ठेवून येते. तिचं पिल्लू आधी खरं वारस संपवतं आणि मग लाडू. अशी एक बाई दोन दिवस आमच्या दांडीशी घुटमळत होती. कोर्टात जायची सोय नसल्यामुळे मी वर्तमानपत्राची घडी घेऊन पहारा केला.

एवढ्यात सोसायटीने इमारतीला रंग काढायचा ठरवला आणि सेक्रेटरींचं पत्रक आलं: गॅलरीतल्या दांड्या काढाव्यात, दर्शनी भाग शोभिवंत दिसावा, आणि जाता जाता पेस्ट कंट्रोलही करून घ्यावं. मी सभेत उभा राहिलो. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. मी सांगितलं की जपानात सफरचंदाच्या बागांत १९४० च्या दशकापासून अशाच माश्यांना बोरूच्या कांड्या टांगून घर देतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या टूशे खोऱ्यात लसूणघासाच्या बियाण्यासाठी शेतकरी जमिनीत राहणाऱ्या माश्यांना मीठ-पाणी घालून माती तयार करून देतात आणि त्यांच्या हंगामात रस्त्यावर ‘गाड्या हळू चालवा’ अशा पाट्या लावतात. लसूणघासाचं फूल उघडताना माशीच्या डोक्यावर टप्पल मारतं. पोळ्यातल्या माश्या एकदा मार खाऊन शहाण्या होतात आणि बाजूने मध चोरतात. एकट्या राहणाऱ्या माश्या टप्पल खातात आणि काम करतात.

“म्हणजे आपण काय लसूणघास लावायचा का?” सेक्रेटरींनी विचारलं.

“नाही. फक्त एक दांडी दोन महिने राहू द्यायची. एकटी बाई आहे. पोरंबाळं आत आहेत.”

सभेत थोडं हसू झालं. “एकीला दिली की उद्या सगळ्या येतील,” कुणीतरी मागून म्हणालं. हे वाक्य मी ठाण्यातही ऐकलं होतं, त्याच सुरात. मी काही बोलायच्या आत आमच्या वहिनी उठल्या. “येऊ देत की,” त्या म्हणाल्या, “पानं माझी जाताहेत. माझी तक्रार नाही, तर तुमची का?” दांडी वाचली. ठराव एकमताने. रंगारी आला तेव्हा लांबीचं भांडं हातात घेऊन त्या बंद तोंडाकडे बघत म्हणाला, “साहेब, एवढं भोक सोडून रंगवायचं?” मी म्हटलं, “आत माणसं राहतात.” त्याने काहीही न विचारता पलीकडून ब्रश फिरवला. त्याचं स्वतःचं बिऱ्हाड त्या वर्षी चार वेळा हललं होतं, हे त्याने चहा पिताना सांगितलं.

मुलीला जागा मिळाली ती पाचव्या शनिवारी, डोंबिवलीला. एका निवृत्त शिक्षिकेच्या घरातली मागची खोली. पंचाहत्तरीच्या आजी, एकट्या. मी त्यांच्या तोंडावरचा प्रश्न यायची वाट बघत उभा होतो. त्यांनी मला काही विचारलंच नाही, मुलीला विचारलं, “पाणी सकाळी सात ते साडेसात. उठशील?” मुलीने उलट विचारलं, “खिडकीत ऊन कधी येतं?” मग नळ सोडून बघितला, दाराची कडी लावून बघितली, भिंतीवर हात फिरवून ओल बघितली. सर्व काही बघून झाल्यावर “आवडली,” म्हणाली. संध्याकाळी तिथून स्टेशनपर्यंत आम्ही चालत गेलो. कोपऱ्याकोपऱ्यावर ती थांबून मागे वळून बघत होती: हे पिठाची गिरणी, हे औषधाचं दुकान, हा वाकडा माड.

सामान पोचवायला आम्ही दोघं गेलो. हिने पिशव्यांतून काढलं: मेतकूट, भाजणी, लिंबाचं लोणचं, दोन प्रकारचे लाडू, कोकम, पापड. छोट्या खोलीच्या मागच्या भिंतीपासून दारापर्यंत डबे लागले. शेवटचा डबा ठेवून ही मधोमध उभी राहिली. काहीतरी राहिलंय असा चेहरा. काही राहिलं नव्हतं.

आमची भाडेकरीण तोवर गेली होती. शेवटच्या खोलीला तिने एकावर एक कितीतरी गोल पानं लावून दार बंद केलं आणि त्यानंतर ती दिसली नाही. या माश्यांचं मोठेपणीचं आयुष्य काही आठवड्यांचंच. घर शोधायचं, भरायचं, दार लावायचं आणि जायचं. ती स्वतः त्या घरात राहत नाही, आणि मुलं बाहेर पडतात तेव्हा बघायला ती नसते. ज्यांना कधी भेटायचं नाही त्यांच्यासाठी इतकी चोखंदळ जागा बघायची, हे मला माणसांत फार थोड्या ठिकाणी दिसलं आहे.

डिसेंबरात एका सकाळी पानांचं झाकण आतून कुरतडलं गेलं. आधी एक मुलगा आला. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तोच पहिला. उन्हात बसून मिशा पुसल्या आणि काडी शोधायला निघून गेला. मुली चार दिवसांनी आल्या. वहिनी पेढे घेऊन आल्या होत्या. त्यांतली एक पोरगी गेली नाही. बाहेर येऊन दाराकडे तोंड केलं, कमानी घेतल्या आणि दुसऱ्या दांडीची तोंडं तपासायला लागली.

“अहो,” ही म्हणाली, “आता दुसरी दांडीही गेली. मी कपडे कुठे घालू?”

“बघू,” मी म्हटलं.

“बघू काय? जागा शोधा.”